पहिला क्रमांक कोणाचा?

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेचा निकाल लागला की तुम्ही सर्वांत आधी आपला क्रमांक पाहता. वर्गातील क्रमांक लावणे तसे सोपे असते. सर्वांची प्रश्नपत्रिका एकच असते. गुणांची बेरीज केली की पहिला कोण आणि दुसरा कोण हे कळते. पण समजा, तुम्हाला शिक्षकांचे क्रमांक लावायला सांगितले, तर? त्यांतील एक शिक्षक शंभर वर्षांपूर्वीचा असेल आणि दुसरा अलीकडचा असेल, तर तुम्ही काय मोजाल?

अमेरिकेतील एका विद्यापीठात असाच वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्या विद्यापीठाचे नाव नोटर डेम. ते इंडियाना राज्यात साउथ बेंड या शहराजवळ आहे. फ्रान्समधून आलेल्या एडवर्ड सोरिन नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी ते १८४२ मध्ये स्थापन केले. हे विद्यापीठ विद्येसाठी जसे नावाजलेले आहे, तसेच फुटबॉलसाठीही. तेथील विद्यार्थ्यांचा संघ सबंध अमेरिकेला माहीत आहे. या संघाला खेळ शिकवणाऱ्याला प्रशिक्षक म्हणतात. तुम्ही त्याला उस्ताद म्हणाल. तर नोटर डेमच्या सर्व उस्तादांमध्ये पहिला क्रमांक कोणाचा, असा हा वाद आहे.

या वादात प्रत्येक जण आपले माप घेऊन येतो. कोणी विजेतेपदे मोजतो. मग फ्रँक लेही यांचे नाव पुढे येते. त्यांच्या संघाने १९४३, १९४६, १९४७ आणि १९४९ या चार वर्षी देशात पहिले स्थान मिळवले. कोणी जिंकलेले सामने मोजतो. मग ब्रायन केली यांचे नाव निघते. २०१० ते २०२१ या काळात त्यांच्या संघाने ११३ सामने जिंकले. पण तेथेही एक अडचण आहे. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांतील काही खेळाडूंनी अभ्यासात गैरप्रकार केल्याचे उघडकीस आले. त्या गैरप्रकारात केली यांचा हात नव्हता. तरीही संघाचे २१ विजय अधिकृत नोंदीतून काढून टाकण्यात आले. कोणी आरा पार्सिगियन यांचे नाव घेतो. त्यांनी अकरा वर्षांत ९५ विजय मिळवून दिले. कोणी शंभर विजयांच्या लू होल्ट्झ यांचे नाव घेतो.

आणि कोणी टक्केवारी काढतो. मग दीर्घकाळ काम केलेल्या प्रशिक्षकांमध्ये एकच नाव सर्वांच्या वर दिसते. ते नाव न्यूट रॉकनी यांचे. त्यांनी तेरा हंगाम संघाला शिकवले. त्या काळात संघ १२२ सामने खेळला. त्यांपैकी १०५ जिंकला, १२ हरला आणि ५ बरोबरीत सुटले. बरोबरीचा सामना अर्धा विजय धरला, तर शंभरात ८८ विजय होतात!

हे न्यूट रॉकनी कोण होते? त्यांचे चरित्र वाचा आणि मग त्यांचा क्रमांक तुम्हीच ठरवा.

न्यूटचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वे देशातील व्हॉस या गावी झाला. त्याचे वडील घोडागाड्या तयार करणारे कुशल कारागीर होते. १८९३ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात एक जागतिक प्रदर्शन भरले. आपली गाडी प्रदर्शनात मांडण्यासाठी वडील अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी कायमचे राहायचे ठरवले आणि कुटुंबाला बोलावून घेतले. न्यूट तेव्हा पाच वर्षांचा होता. घरात नॉर्वेची भाषा आणि रस्त्यावर इंग्रजी, अशा दोन भाषांमध्ये तो वाढला. दुसरी भाषा शिकताना जीभ कशी अडखळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे हाच मुलगा आपल्या बोलण्याने हजारो माणसांना खिळवून ठेवू लागला, हे मात्र लक्षात ठेवा.

शिकागोच्या गल्ल्यांमध्ये न्यूटला खेळाचा नाद लागला. तो धावण्यात आणि उड्या मारण्यात तरबेज होता. पण अभ्यासाकडे त्याचे दुर्लक्ष झाले आणि माध्यमिक शिक्षण पूर्ण होण्याआधीच त्याची शाळा सुटली. मग त्याने शिकागोच्या टपाल कार्यालयात नोकरी धरली. काही वर्षे त्याने पत्रांच्या थैल्यांमध्ये काढली. परंतु शिकण्याची इच्छा त्याच्या मनातून गेली नव्हती. पगारातून तो थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होता.

१९१० मध्ये तो नोटर डेमला आला. त्याच्याजवळ शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते. त्याने प्रवेशपरीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता. वर्गातील बाकीची मुले त्याच्याहून तीन-चार वर्षांनी लहान होती. फी भरण्यासाठी त्याला काम करावे लागे. रसायनशाळेची झाडलोट करण्याचे काम त्याने पत्करले. पुढे याच रसायनशाळेत तो शिक्षक म्हणून उभा राहणार होता!

आता फुटबॉलविषयी थोडे सांगायला हवे. आपण ज्या खेळाला फुटबॉल म्हणतो, तो खेळ हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो आणि दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुतेक वेळ हातात घेऊन पळायचे असते. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. कबड्डीत जशी चढाई करायची पाळी येते, तशी येथेही पाळी असते. चेंडू ज्या संघाकडे असतो, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकावे लागते. ते जमले तर पुढचे चार प्रयत्न मिळतात. जमले नाही तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. प्रतिस्पर्धी अर्थातच वाट अडवतात आणि चेंडूवाल्याला खाली पाडतात.

सुरुवातीला हा खेळ फार दांडगाईचा होता. सगळे खेळाडू एका जागी गर्दी करत आणि एकमेकांवर आदळत. १९०५ मध्ये तर अनेक तरुण खेळाडूंचा जीव गेला. खेळावर बंदी घाला, अशी मागणी होऊ लागली. शेवटी १९०६ मध्ये नियम बदलले. चेंडू हाताने पुढे फेकण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे खेळाडू मैदानावर पसरतील आणि गर्दी कमी होईल, असा विचार त्यामागे होता. परंतु बरीच वर्षे मोठे संघ जुन्या पद्धतीनेच खेळत राहिले. फेकलेला चेंडू झेलणे अवघड होते आणि हुकला तर पाळी वाया जात असे.

न्यूट उंचीने बेताचा आणि अंगाने किरकोळ होता. पहिल्या वर्षी त्याला मुख्य संघात स्थान मिळाले नाही. त्याने सराव सोडला नाही. पुढच्या वर्षी तो संघात आला आणि १९१३ मध्ये संघाचा कप्तान झाला. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत तो आणि त्याचा मित्र गस डोराय ओहायो राज्यात एका मोठ्या सरोवराच्या काठी नोकरीला गेले. काम संपले की दोघे वाळूवर सराव करत. डोराय चेंडू फेकत असे आणि रॉकनी पळता पळता तो झेलत असे. चेंडू छातीशी कवटाळायचा नाही, बोटे सैल ठेवून हातांनी अलगद झेलायचा, हे त्यांनी शेकडो वेळा करून पाहिले. सुटी संपली तेव्हा त्यांचे हात तयार झाले होते.

१ नोव्हेंबर १९१३ हा दिवस उजाडला. नोटर डेमचा सामना अमेरिकेच्या लष्करी अकादमीशी होता. लष्कराचा संघ बलाढ्य आणि नामांकित होता. नोटर डेमचे नाव पूर्व किनाऱ्यावर फारसे कोणी ऐकले नव्हते. सामना सुरू झाला आणि डोरायच्या हातून चेंडू लांब लांब जाऊ लागला. लष्कराचे धिप्पाड खेळाडू मधे गर्दी करून उभे होते आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून जात होता. पलीकडे रॉकनी आणि त्याचे साथीदार तो झेलत होते. नोटर डेमने ३५ विरुद्ध १३ गुणांनी सामना जिंकला. चेंडू पुढे फेकण्याची कल्पना या दोघांनी शोधून काढली नव्हती. त्यांच्या आधीही काही संघ तसे खेळले होते. पण नीट सराव केला तर लहान माणूसही बलाढ्य संघाला हरवू शकतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

खेळाच्या नादात रॉकनी यांनी या वेळी अभ्यास सोडला नाही. १९१४ मध्ये त्यांनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळवली. विद्यापीठाने त्यांना रसायनशास्त्र शिकवण्यासाठी ठेवून घेतले. तेथे जुलियस न्यूलँड हे मोठे शास्त्रज्ञ काम करत होते. कृत्रिम रबराच्या शोधाला त्यांच्या संशोधनाचा आधार मिळाला. त्यांच्या हाताखाली रॉकनी प्रयोगशाळेत काम करत आणि दुपारी मैदानावर जेसी हार्पर या प्रशिक्षकांना मदत करत. १९१८ मध्ये हार्पर निवृत्त झाले आणि तीस वर्षांचे रॉकनी मुख्य प्रशिक्षक झाले.

मैदानावरही ते शिक्षकासारखेच वागत. एखादी चाल ते तुकडे करून शिकवत. पाऊल कोठे पडले पाहिजे, हात कोठे असला पाहिजे, हे दाखवत आणि ते बिनचूक जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेत. त्यांच्या संघाची एक चाल फार गाजली. चेंडू खेळात येण्याच्या क्षणाआधी मागचे चार खेळाडू तालात एकदम जागा बदलत. नाचातील पावलांप्रमाणे ते चौघे सरकत आणि प्रतिस्पर्धी गोंधळून जात. या चालीला आवर घालण्यासाठी पुढे नियमच बदलावे लागले. कित्येकदा ते सामना सुरू करताना दुय्यम खेळाडूंना पाठवत. ती मुले प्रतिस्पर्ध्यांना दमवत. मग ताजेतवाने मुख्य खेळाडू मैदानात उतरत. त्यामुळे बाकावर बसणाऱ्या मुलालाही आपण कोणीतरी आहोत, असे वाटत असे.

१९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षी संघ एकही सामना हरला नाही. त्या संघात जॉर्ज गिप नावाचा विलक्षण खेळाडू होता. चेंडू फेकणे, पळवणे, लाथेने उडवणे, सर्व काही त्याला येत होते. पण १९२० च्या हंगामाच्या अखेरीस तो घशाच्या विकाराने आजारी पडला. त्यातच त्याला न्यूमोनिया झाला आणि १४ डिसेंबरला तो मरण पावला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. आपल्या सर्वांत गुणी शिष्याचा मृत्यू रॉकनी यांना पाहावा लागला.

१९२४ चा संघ तर आजही आठवला जातो. मागच्या फळीत हॅरी स्टूलड्रेअर, जिम क्राउली, डॉन मिलर आणि एल्मर लेडन हे चौघे होते. त्यांच्यापैकी एकाचेही वजन पंचाहत्तर किलो नव्हते. पण त्यांचा वेग आणि मेळ असा होता, की एका क्रीडालेखकाने त्यांना चार घोडेस्वारांचे नाव दिले. वर्तमानपत्रांत त्यांचीच छायाचित्रे येऊ लागली. पुढच्या फळीत प्रतिस्पर्ध्यांचा मारा अंगावर घेणाऱ्या सात जणांना मात्र कोणी विचारीना. त्यांना थट्टेने सात खेचरे म्हणत. असे सांगतात, की एका सामन्यात रॉकनी यांनी मुद्दाम त्या सात जणांना बाहेर बसवले आणि त्यांच्या जागी नवखे खेळाडू पाठवले. मग काय! घोडेस्वारांना चार पावलेही पळता येईना. थोड्या वेळाने ते सात जण मैदानात आले आणि वाट मोकळी झाली. कोणाच्या जोरावर आपण पळतो, हे चौघांनाही कळून चुकले. त्या हंगामात संघाने दहाच्या दहा सामने जिंकले. शेवटचा सामना १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियात झाला. त्यात त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाला २७ विरुद्ध १० गुणांनी हरवले.

या विजयांना आणखी एक अर्थ होता. त्या काळी अमेरिकेत कॅथलिक लोकांकडे संशयाने पाहिले जात असे. आयर्लंड, इटली, पोलंड अशा देशांतून आलेली गरीब कुटुंबे गिरण्यांमध्ये आणि खाणींमध्ये राबत होती. हे लोक खरे अमेरिकन नाहीत, असे म्हणणारे पुष्कळ होते. नोटर डेमच्या संघात अशाच घरांतील मुले होती आणि त्यांचे प्रशिक्षक स्वतः परदेशातून आले होते. ज्यांनी ते विद्यापीठ कधी पाहिलेही नव्हते, असे लाखो कष्टकरी या संघाला आपला संघ मानू लागले. संघ जिंकला की त्यांची मान उंच होई.

मित्रांनो, रॉकनी यांच्या हातून चुका झाल्या नाहीत, असे समजू नका. १९२६ साली संघाने ओळीने आठ सामने जिंकले होते. पुढचा सामना पिट्सबर्ग शहरात कार्नेगी टेक या तंत्रशिक्षण संस्थेच्या संघाशी होता. तो संघ रॉकनी यांना दुबळा वाटला. त्याच दिवशी शिकागोत लष्कर आणि नौदल यांचा मोठा सामना होता. आपल्या संघाची जबाबदारी साहाय्यकावर सोपवून रॉकनी तो सामना पाहायला शिकागोला गेले. तिकडे कार्नेगी टेकने नोटर डेमला १९ विरुद्ध शून्याने हरवले! देशात पहिले स्थान मिळवण्याची त्या वर्षीची संधी एका दुपारी हातातून गेली. ज्याने दुबळ्यांना बलवानांवर मात करायला शिकवले, तोच एका दुबळ्या संघाला कमी लेखून बसला होता.

१९२८ चे वर्ष आणखी कठीण गेले. संघ चार सामने हरला. रॉकनी यांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत वाईट हंगाम होता. त्याच हंगामात न्यूयॉर्कला लष्कराशी सामना होता आणि लष्कराचा संघ तोपर्यंत एकदाही हरला नव्हता. त्या दिवशी रॉकनी यांनी खेळाडूंना जॉर्ज गिपची आठवण सांगितली. कधीतरी संघ अडचणीत असेल तेव्हा माझ्यासाठी एक सामना जिंका, अशी गिपची अखेरची इच्छा होती, असे ते म्हणाले. खेळाडू भारावून गेले आणि त्यांनी १२ विरुद्ध ६ गुणांनी सामना जिंकला. गिपने खरोखर असे काही सांगितले होते का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण ही कथा अमेरिकेत घरोघर पोहोचली. १९४० मध्ये रॉकनी यांच्या जीवनावर चित्रपट निघाला. त्यात गिपचे काम करणारे नट रोनाल्ड रेगन पुढे १९८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

१९२९ मध्ये जुने मैदान मोडून नवे क्रीडांगण बांधण्याचे काम चालू झाले. त्यामुळे सर्व सामने परगावी खेळावे लागले. त्यातच रॉकनी यांच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. ती गुठळी सरकून हृदयाकडे गेली तर जीव जाईल, असे डॉक्टरांनी बजावले. ते काही सामन्यांना जाऊ शकले नाहीत. पण पिट्सबर्गला कार्नेगी टेकशी सामना होता तेव्हा ते चाकांच्या खुर्चीत बसून गेले. तीन वर्षांपूर्वी याच शहरात त्यांचा संघ त्यांच्याविना खेळला होता. या वेळी उस्ताद हजर होते. संघाने ७ विरुद्ध शून्याने सामना जिंकला. त्या वर्षी संघ अजिंक्य राहिला. १९३० मध्ये नवे क्रीडांगण उभे राहिले आणि त्या वर्षीही दहापैकी दहा सामने जिंकून संघाने देशात पहिले स्थान राखले.

रॉकनी यांची कीर्ती आता शिखरावर होती. एका चित्रपटाच्या कामासाठी त्यांना लॉस एंजेलिसला बोलावणे आले. ३१ मार्च १९३१ रोजी सकाळी ते कॅन्सास सिटी येथे विमानात बसले. कॅन्सास राज्यातील बझार या खेड्याजवळ त्या विमानाचा एक पंख हवेतच तुटला. विमान माळरानावर कोसळले आणि आतील आठही जण ठार झाले. रॉकनी त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या मागे पत्नी आणि चार मुले होती. सारा देश हळहळला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी शोकसंदेश पाठवला. नॉर्वेच्या राजाने अंत्यविधीसाठी आपला प्रतिनिधी पाठवला. घोडागाड्यांच्या कारागिराचा मुलगा आता दोन देशांचा झाला होता.

त्या विमानाचे पंख लाकडाचे होते. आत ओल शिरून लाकूड जोडणारा सरस सुटला असावा, असे तपासात दिसून आले. त्या काळी अशा तपासाची माहिती लोकांना दिली जात नसे. पण या वेळी लोक गप्प बसेनात. अपघात का झाला, ते आम्हाला सांगा, असा आग्रह त्यांनी धरला. त्या जातीची विमाने काही काळ जमिनीवरच ठेवण्यात आली आणि विमानांची तपासणी कडक झाली. विमान कंपनीने पुढच्याच वर्षी संपूर्ण धातूच्या विमानाची मागणी केली. डग्लस कंपनीने ती पुरी केली. त्याच मालिकेतून पुढे डीसी-३ हे भरवशाचे विमान तयार झाले. भारतात ते डाकोटा या नावाने ओळखले जाई. एका प्रशिक्षकाच्या मृत्यूने असंख्य प्रवाशांचा प्रवास अधिक सुरक्षित केला.

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे वळू या. पहिला क्रमांक कोणाचा? टक्केवारी पाहिली तर रॉकनी पहिले. विजेतेपदे मोजली तर फ्रँक लेही पहिले. मग हा वाद मिटणार कसा?

हे लेही कोण, ते पाहा. ते रॉकनी यांच्याच संघातील खेळाडू होते! १९३० मध्ये गुडघ्याला दुखापत झाल्यामुळे त्यांना खेळता येईना. हंगाम संपल्यावर रॉकनी आपल्या पायाच्या उपचारासाठी मिनेसोटा राज्यातील मेयो रुग्णालयात गेले. जाताना ते या जखमी मुलालाही बरोबर घेऊन गेले. रुग्णालयातील एकाच खोलीत गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी पडून होते. तेथे त्यांच्या गप्पांचा विषय एकच होता, फुटबॉल. थोड्याच महिन्यांनी रॉकनी गेले. दहा वर्षांनी लेही त्यांच्या जागी उभे राहिले आणि त्यांनी चार विजेतेपदे मिळवली.

इतर शिष्यांचेही तसेच. चार घोडेस्वारांपैकी लेडन पुढे नोटर डेमचेच प्रशिक्षक झाले. जिम क्राउली न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात शिकवू लागले. तेथे त्यांच्या हाताखाली व्हिन्स लोम्बार्डी नावाचा विद्यार्थी तयार झाला. रॉकनी यांचा आणखी एक खेळाडू कर्ली लॅम्बो. त्याने १९१९ मध्ये ग्रीन बे येथे एका संघाची स्थापना करण्यात पुढाकार घेतला होता. योगायोग पाहा, पुढे त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून लोम्बार्डी आले. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतील पहिली दोन वर्षे, १९६७ आणि १९६८ मध्ये, त्यांच्या संघाने जिंकली. त्या स्पर्धेच्या चषकाला लोम्बार्डी यांचे नाव दिलेले आहे. शिष्याचा शिष्य एवढा मोठा झाला!

म्हणून मला वाटते, की उस्तादाचा क्रमांक लावताना त्याचे स्वतःचे गुण तर पाहावेतच, पण त्याच्या शागीर्दांच्या गुणपत्रिकाही पाहाव्यात. विजय नोंदवहीत राहतात. कधी ते खोडलेही जातात. शिकवलेले मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात राहते. शिष्याने चार विजेतेपदे मिळवून गुरूला मागे टाकले, तर गुरूचा क्रमांक खाली जातो की वर? या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. तुमच्या वर्गात दोन गट करा, वाद घाला आणि उत्तर शोधा. तोपर्यंत एवढे लक्षात असू द्या. ज्याची शाळा अर्धवट सुटली होती, जो टपालाच्या थैल्या उचलत होता, ज्याने रसायनशाळेत झाडू मारला होता, त्याचे नाव आज या यादीत आहे. शिकायला त्याला उशीर झाला होता, पण त्याने शिकणे सोडले नाही.